झेप्पूचे चार महिने

१९ जुलै

लोरेटा,

झेप्पू जिवंत आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. आता शिव्या घालायच्या तर घाल.

मी इकडे खाणीवर आहे, हे तुला कोणी सांगितलं असेल नसेल. मार्चमध्ये आलो. तुला न सांगता आलो, ते चुकलंच. दर रविवारी तुरुंगात भेटायला येईन म्हणालो होतो आणि एकदाच आलो, तेही चुकलं. पण गावात राहून करायचं काय होतं सांग? तू आत, पा आणि मा मातीत, ऊस दुसऱ्याच्या ताब्यात. रिकाम्या घरात मी आणि तुझा साप, एकमेकांकडे बघत बसायचो. त्याला पापण्या नाहीत, त्यामुळे दर वेळी तोच जिंकायचा.

इथे मी मोठ्या डंपरांची चाकं बदलतो. एक चाक माझ्या दुप्पट उंच. बरं चाललंय.

इथे वाळवंटात जुलैच्या रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून गेल्या आठवड्यात जाड कपडे आणायला घरी गेलो होतो. शेडमध्ये शिरलो. काचेच्या पेटीवर ताडपत्री अर्धवट घसरलेली होती, ती ओढली. पाण्याची वाटी कोरडी ठक्क. झेप्पू कोपऱ्यात पडलेला, रस काढून फेकलेल्या चिपाडासारखा. पाठीचा कणा वर आलेला. जुनी कात तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटलेली, डोळ्यांवरसुद्धा, त्यामुळे दोन्ही डोळे दुधाळ. खवल्यांच्या फटीत बारीक काळ्या किडी. मी झाकण काढलं तरी त्याने डोकं उचललं नाही. मला वाटलं संपला. मग बोट लावलं तर जीभ बाहेर आली, अगदी सावकाश, जणू तीही जड झाली होती.

पत्र्याला ते भोक आहे ना, पा दर वर्षी बुजवीन म्हणायचा, ते बरोबर पेटीच्या कोपऱ्यावर येतं. पाऊस झाकणाच्या जाळीतून आत गळायचा. तेवढ्यावर तो तगला.

तू विचारशील हे झालं कसं. मी नीनाला सांगून आलो होतो. नीना बोर्ग, रुळापलीकडची, आणखी कोण. किल्ली दिली, उंदीर फ्रीजरमध्ये आहेत म्हटलं, दिवा कसा लावायचा ते दाखवलं. ती हो हो म्हणाली. आता वय झालं तिचं, विसरली असेल. ती दर पंधरवड्याला चार तास गाडी हाकत तुला भेटायला येते, ते मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, तिला काही बोलू नकोस.

झेप्पूला उशीच्या अभ्र्यात घातला, अभ्रा बर्फाच्या रिकाम्या खोक्यात, पेटी मागच्या सीटवर, आणि हीटर लावून बारा तास गाडी चालवली. मी घामाने भिजलो. माझ्या खोलीत सिओने राहतो, टोंगा बेटावरचा, एकशेतीस किलोचा गडी. खोकं उघडल्यावर तो पलंगावर उभा राहिला.

"भावा, हे काय आणलंस?"

"बहिणीचा आहे."

"बहिणीचा कुत्रा असतो. बहिणीची मांजर असते. हे बहिणीचं नसतं."

"आजारी आहे रे."

"मग देवाघरी जाऊ दे की बिचाऱ्याला. माझ्या उशाशी कशाला?"

त्याला चार दिवसांची मुदत मागितली आहे.

हे पत्र तुझ्या आधी तिथली कोणी बाई वाचते म्हणे. बाई, अक्षराबद्दल माफ करा. शाळेत मी बसलो कमी, कोपऱ्यात उभाच जास्त होतो.

केलीनू

३ ऑगस्ट

लोरेटा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एक गाढवपणा केला. एवढा उपाशी, तर पहिलं पोटभर खाऊ दे म्हणून मिळाला तो सगळ्यात मोठा उंदीर आणला, गरम पाण्यात वितळवला आणि तोंडासमोर धरला. घेतला बिचाऱ्याने. मी खूश. दुसऱ्या दिवशी सगळा ओकून टाकला, आणि तो वास असा की सिओने टॉवेल नेसून सगळ्या वस्तीत ओरडत फिरला.

खाणीजवळच्या गावात एक जनावरांची डॉक्टर आहे, ब्रॉनविन. गायी आणि कुत्रेच जास्त बघते, पण सापाला घाबरत नाही. तिने आधी झेप्पूला पाहिलं आणि मग मला.

"एवढा उंदीर घालायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"ते दिसतंच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तू लग्नाचं जेवण वाढशील का?"

ती म्हणाली, पंधरा दिवस नुसतं पाणी, ऊब आणि औषध, खाण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. तोंडात पू झालाय, त्याला दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन. कात बोटांनी ओढायची नाही, डोळ्यांवरची तर मुळीच नाही. मग विचारलं, "हा असा किती दिवस होता?" मी तुला सांगितलं तेच सांगितलं. शेजारीण, विसरली, वगैरे.

आणि ऐक. झेप्पू बाई आहे! शेपटीपाशी काहीतरी तपासून ब्रॉनविन म्हणाली. तू आपल्या आजोबाचं, नान्नूचं नाव ठेवलंस, जेवल्यावर हाही त्याच्यासारखा तीन दिवस झोपतो म्हणून, आणि निघाली ती बाई. नान्नू असता तर पुन्हा तुझ्याशी बोलला नसता.

खोलीवर येऊन सिओनेला सांगितलं तर तो खवळला. "बाईमाणूस आहे? मग आधी सांगायचं की! मी तिच्यासमोर कपडे बदलत होतो."

मुदतीचं तो विसरला. मी आठवण करून दिली नाही.

रोज कामावरून आल्यावर एका टबात मनगट बुडेल एवढं कोमट पाणी घेतो आणि तिला त्यात सोडतो. वीस मिनिटं. मान धरावी लागत नाही, नुसता तळहात खाली ठेवतो, ती त्यावर हनुवटी टेकवते. पेटीच्या एका कडेला बत्तीस अंश, दुसऱ्या कडेला पंचवीस. तिला हवं तिकडे जाता यायला पाहिजे. तू हे सगळं कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं होतंस. घरून येताना तो काढून आणला. आता वाचतोय.

केलीनू

१७ ऑगस्ट

लोरेटा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. सिओने म्हणाला, पोस्टात एवढं हलकं पाकीट त्याने पाहिलं नव्हतं.

झेप्पूबद्दल लिहीत राहा म्हणालीस, म्हणून लिहितो. किडी गेल्या. अंगावरची कात ओल्या टॉवेलच्या गुंडाळीत फिरून फिरून तिने स्वतःच काढली. खालचं अंग बघशील तर! तोच तपकिरी, तेच पिवळट पट्टे. उजव्या डोळ्यावरचा पापुद्रा आपोआप गळाला आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे बघते आहे असं मला वाटलं. डावा अजून दुधाळच आहे. उंदराचं एक पिल्लू घातलं, बोटाएवढं, ते घेतलं नाही. ब्रॉनविन म्हणते थांब.

सिओने तिच्यासाठी वाळवंटातून एक वाळकी फांदी घेऊन आला. पेटीत ठेवताना हात असा लांब धरला होता, जसं काही तो बॉम्ब ठेवतोय.

दुसरं तू लिहिलंस ते. नीनाचं नाव भेटीला येणाऱ्यांच्या यादीतून काढून टाकलंस. "असल्या बाईचं मला तोंड बघायचं नाही," असं लिहिलंस.

एवढं कशाला? मी म्हटलं होतं ना, काही बोलू नकोस. माणूस विसरतो. सत्तरी उलटली तिची. तिने तरी कोणाकडे जायचं, नवरा गेल्यापासून तुझ्याशिवाय तिलाही कोणी नाही. आणि तुझी शिक्षा नोव्हेंबरपर्यंत आहे, तोवर कोणी येणार नाही तुझ्याकडे. माझं तर तुला माहीतच आहे, इथून यायला जायला तीन दिवस जातात, सुट्टी मिळत नाही. तिचं नाव परत घाल. साप आता बरा होतोय. म्हणजे सापीण. कशाला वाढवायचं?

चाकाखाली हात आला होता परवा, दोन बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं आहे.

केलीनू

३० ऑगस्ट

लोरेटा,

बोटं सुजलेली नव्हती. अक्षर तसंच होतं.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते येईल.

गुरुवारी ब्रॉनविनने झेप्पूचं रक्त तपासलं. म्हणाली, हिची मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणून खात नाही. जे इंजेक्शन चालू आहे ते तोंडाला चांगलं, पण मूत्रपिंडांना जड. किती द्यायचं ते तिला पाणी किती दिवस मिळालं नव्हतं त्यावर ठरवायला पाहिजे. "त्या शेजारणीचा नंबर दे," म्हणाली, "मी तिलाच विचारते. रागावणार नाही, नुसते दिवस विचारते." हातात पेन घेऊन बसली.

मी म्हटलं, "तिला माहीत नाही."

"का नाही माहीत? साप तिच्याकडे होता ना?"

"नव्हता. मी तिला सांगितलंच नव्हतं."

तिने वर पाहिलं नाही. "मग किती दिवस?"

"चार महिने. वाटी एकदाच भरली होती."

तिने कागदावर काहीतरी खोडलं आणि नवीन आकडा लिहिला. जुन्याच्या अर्धा. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी हे बोलला असतास तर ही सगळी इंजेक्शनं मी पूर्ण मापाची दिली नसती." एवढंच. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे बघ, आधी उपाशी ठेवली ती मी, आणि नंतर औषधाने मारत आणली तीही मीच. नीनाने काही केलं नाही. नीनाला पेटी घरातून शेडमध्ये गेली हेसुद्धा मी सांगितलं नव्हतं.

झालं असं. खाणीवरचा माणूस दुपारी घ्यायला येणार होता. घरातली वीज तोडायला सांगितली होती. मी पेटी उचलून शेडमध्ये ठेवली आणि खरं सांगतो, मला काही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, चांगली जागा आहे. आपण उसातली माणसं. आपल्या शेडच्या माळ्यावर साप नाही असं एक वर्ष आठवतं का तुला? आत शिरताना नान्नू टोपीला हात लावायचा त्याच्यासाठी. त्याला कोणी कधी खायला घातलं नाही, पाणी ठेवलं नाही. तो उंदीर खायचा, आपण ऊस कापायचो, कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. साप आपलं आपण बघतो, हे मी जन्मापासून बघत आलो. म्हटलं, हाही बघेल.

हे मी ब्रॉनविनला सांगितलं. ती म्हणाली, "माळ्यावरचा साप जाऊ येऊ शकत होता."

झाकणाला तार मी बांधली होती. तीन वेढे. सुटू नये म्हणून. एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी होत्या, की तो आपलं आपण बघेल आणि तो सुटता कामा नये. त्या दोन एकमेकींना भेटल्याच नाहीत.

नीनाला का नाही सांगितलं, तर लाज. किल्ली द्यायला गेलो असतो तर तिने पहिलं विचारलं असतं, "आणि रविवारी बहिणीला भेटायला कोण जाणार?" ते ऐकायचं नव्हतं. म्हणून मी मागच्या रस्त्याने गेलो.

जुलैत झेप्पूला बघितल्यावर तुला लिहायला बसलो तेव्हा नीनाचं नाव आपोआप आलं. लिहिताना थांबलोसुद्धा नाही. ती तुझ्याकडे येते आणि मी येत नाही, ते कुठेतरी सलत असेल. तुझी नीनावर माया आहे, हेही.

नीनाचं नाव आजच्या आज यादीत घाल. माझं काढायचं असेल तर काढ.

केलीनू

१४ सप्टेंबर

लोरेटा,

उत्तराची वाट बघणार नाही, नुसतं कळवतो.

झेप्पूने खाल्लं. शनिवारी सकाळी. उंदराचं पिल्लू चिमट्याने धरलं होतं, हात दुखून आला, मी ठेवून देणार तेवढ्यात तिने मान मागे घेतली आणि झडप घातली. झडप कसली, धक्काच. नेम चुकला, चिमट्यालाच लागली. दुसऱ्यांदा बरोबर. सिओने दारात उभा होता, बाहेरचा पाय बाहेर आणि आतला आत. त्याने हात जोडून त्याच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हटलं. विचारलं तर म्हणाला, "जेवणाआधीची प्रार्थना. तिला येत नसेल."

ओकली नाही. पाच दिवस मी दर तासाला जाऊन बघत होतो. नाही ओकली.

ब्रॉनविन म्हणते जगेल. मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत, पाण्याची काळजी जन्मभर. डावा डोळा गेला. पापुद्रा निघाला, पण खाली काही उरलं नव्हतं.

नीनालाही लिहिलं. तुला लिहिण्यापेक्षा ते अवघड गेलं. तुला निदान माझी सवय आहे. पहिली ओळ लिहिली, "नीना, मी तुझ्याबद्दल खोटं बोललो," आणि मग पुढे काय लिहायचं ते कळेना, म्हणून सगळं खरं काय झालं तेच लिहिलं.

केलीनू

१९ ऑक्टोबर

लोरेटा,

झेप्पू नीनाबरोबर गेली. ते तुला तिच्याकडून कळेलच, पण मलाही लिहायचंय.

तू तिला पत्र लिहिलंस, तिचं नाव परत घातलंस, आणि साप घेऊन ये म्हणालीस, हे तिनेच सांगितलं. न कळवता आली. शनिवारी दुपारी मी कपडे धूत होतो, तर तिची ती खडखडणारी गाडी वस्तीच्या फाटकातून आत. चौदा तास लागले होते, वाटेत एका गावी झोपली होती. उतरली, कंबर सरळ केली, टोपी काढली आणि म्हणाली, "कुठे आहे ती?"

"नीना, आधी चहा घे."

"चहा प्यायला एवढ्या लांब नाही आले."

सिओनेने पुढे होऊन तिची पिशवी घेतली, तिला आई म्हणाला आणि खुर्ची दिली. त्याच्याकडून मात्र तिने चहा घेतला. दोन कप. बिस्किटंही.

मग पेटीसमोर बसली. झेप्पू फांदीवर होती, चांगली चार वेढे घालून. नीना म्हणाली, "अगं माझ्या राणी, काय केलं गं तुझं." माझ्याकडे न बघता म्हणाली. मग पिशवीतून वही काढली, चष्मा लावला. "हं, सांग."

मी सांगत गेलो. दिवा किती वाजता, बंद किती वाजता. कुठल्या बाजूला किती अंश. पाणी रोज बदलायचं, वाटीत नाही, तिला पूर्ण बसता येईल अशा टबात ठेवायचं. उंदीर केवढा, किती दिवसांनी, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. डावीकडून जवळ जायचं नाही, तिला कळत नाही आणि दचकते. कात टाकायच्या आधी डोळा निळसर होतो, तेव्हा ओला टॉवेल. ती लिहीत होती, मधेच विचारत होती, "कोमट म्हणजे किती? बाळाच्या अंघोळीएवढं?" मी हो म्हटलं. सगळं सांगून झालं. वहीची दोन पानं भरली.

तिने चष्मा काढला. "एवढंच?"

"एवढंच."

"मार्चमध्ये मला हे सांगायला किती वेळ लागला असता, केलीनू?"

मी म्हटलं, "दहा मिनिटं."

"मी घरीच होते," ती म्हणाली. "त्या दिवशी मी दिवसभर घरीच होते रे."

लोरेटा, मी खूप ऐकून घेतलं आहे आयुष्यात. पा कडून, मास्तरांकडून, इथल्या मुकादमाकडून. हे एक मला ऐकता आलं नाही. मी बाहेर जाऊन नळापाशी उभा राहिलो. परत आलो तर सिओने पेटी तिच्या गाडीत पट्ट्याने बांधत होता आणि ती त्याला, घट्ट बांध, सैल ठेव, घट्ट बांध, करत होती. आणि साप, बघ, काचेपलीकडे त्याच्या हाताला अगदी लागून होता आणि हा आपला, "हो आई, हो आई."

निघताना मी गाडीच्या काचेतून विचारलं, "दहा नोव्हेंबरला लोरेटा सुटेल, तेव्हा मी येऊ का?"

तिने चष्मा लावला, किल्ली फिरवली. मग म्हणाली, "ती म्हणाली होती, सापाचं सगळं विचारून ये. तुझं काही विचारायला तिने सांगितलं नाही. मी तुला खोटं काय सांगू?"

आणि गेली. अगदी हळू चालवत. पहिल्या वळणापर्यंत मला पेटी दिसत होती.

तेव्हा दहा तारखेला मी येणार नाही. तू बोलावलंस तरच. फाटकापाशी नीना असेल, ते बरं.

सिओने पुढच्या महिन्यात पश्चिमेकडच्या नव्या खाणीवर चाललाय. तिथे पगार जास्त, खोली एकट्याला, समुद्र दीड तासावर. मला म्हणाला, "चल भावा, तू तर एका जागी वर्षभर बसणारा नाहीस." खरं आहे. आधीचा मी असतो तर पिशवी भरूनही झाली असती. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "का? इथे कोण आहे तुझं?"

कोणी नाही. पण तू कधी लिहिलंस, तर पत्र ह्याच पत्त्यावर येईल.

केलीनू